येऊरचा ओढा आणि माझे वॉटरप्रूफ बूट

ठाण्याजवळ येऊरच्या डोंगरात, पाटोणापाड्याच्या टपरीवर, बाकड्यावर बसून मी उजवा बूट काढला आणि उपडा केला. अर्धा पेला पाणी भळकन खाली पडलं. चहावाल्या मावशींनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग बुटाकडे.

"केवढ्याचा?"

मी किंमत निम्मी करून सांगितली. तरी हसल्याच.

बूट वॉटरप्रूफ होता, आणि खरं सांगायचं तर त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पाणी इकडून तिकडे जाऊ द्यायचं नाही, एवढीच त्याची नोकरी. ओढ्यात पाणी घोट्याच्या वर गेलं, बुटाच्या तोंडातून आत उतरलं, आणि आत आलेलं पाणी त्याने तेवढ्याच इमानदारीने बाहेर जाऊ दिलं नाही. पुढचे दोन किलोमीटर मी पायात दोन तांबे बांधून धावलो.

जुलैतला दुसरा रविवार. आम्ही तिघं: मी, इंजिनियर मित्र आणि आमच्या सोसायटीतले निवृत्त काका, जे आम्हा दोघांपेक्षा वीस वर्षांनी मोठे आहेत आणि उतारावर आम्हा दोघांपेक्षा पुढे असतात. माझ्या पायात नवे वॉटरप्रूफ ट्रेल रनिंग शूज. मित्राच्या पायात साधे जाळीचे ट्रेल शूज, दोन पावसाळे झालेले. काकांच्या पायात अ‍ॅक्शन ट्रेकिंग. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे नाव वेगळं सांगायला नको. निम्म्या महाराष्ट्राने गडकिल्ले त्याच बुटांवर केलेत.

मित्राने सोबत विमानप्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा आणला होता. "नुसतं जड वाटतं, हलकं वाटतं असं नको, आकडे घेऊ," म्हणाला. उपवन तलावाच्या कठड्यावर पहाटे बूट लटकवून तोलणारी दोन माणसं बघून फिरायला आलेल्या आजोबांनी वाट बदलली. कोरडा असताना माझा एक बूट ३६० ग्रॅम, त्याचा २९०. काकांनी आपला तोलू दिला नाही.

उपवनहून येऊरच्या वन खात्याच्या चौकीपर्यंत आणि पुढे वर गावाकडे जाणारा डांबरी रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. नसेल त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की चढ सरळ अंगावर येत नाही, पण संपतही नाही. ठाणे स्टेशनवरून टीएमटीच्या बसने उपवनला उतरता येतं. वरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं आहे, त्यामुळे चौकीवर त्या दिवशी काय चालू, काय बंद ते विचारूनच वर जा. पावसाळ्यात ओढे-धबधब्यांवर बंदी असते आणि ती सारखी बदलत राहते. पाड्यांमधल्या रस्त्यावर धावणं वेगळं आणि जंगलातल्या वाटेवर शिरणं वेगळं. दुसऱ्याला वन खात्याची परवानगी लागते. आणि चांगलं उजाडल्याशिवाय निघू नका. इथे बिबटे खरोखर राहतात.

चढाच्या अर्ध्या तासात पाऊस नुसता भुरभुरत होता, आणि त्या अर्ध्या तासात माझे बूट राजा होते. रस्त्यावरून वाहणारं पातळ पाणी, कडेच्या गवतावरचे थेंब, बाजूने गेलेल्या रिक्षेने उडवलेला चिखल, काही आत आलं नाही. मित्राचे मोजे पहिल्या दहा मिनिटांत ओले झाले. मी त्याला ते दोनदा बोलून दाखवलं. वर पोचेपर्यंत मात्र माझाही पाय ओला होता, घामाने.

हे का होतं ते समजून घेतलं की बूट घेताना अर्धी फसवणूक टळते. वॉटरप्रूफ बुटाच्या आत एक पातळ पडदा असतो, मेम्ब्रेन. त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध गोअर-टेक्स. १९६९ मध्ये रॉबर्ट गोर यांनी गरम केलेली पीटीएफईची कांडी सावकाश ताणण्याऐवजी एकदम हिसडा देऊन ओढली आणि ती न तुटता कितीतरी पट लांब झाली. पीटीएफई म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. ताणल्यामुळे त्यात बारीक बारीक छिद्रं तयार झाली: पाण्याचा थेंब जाणार नाही, पण वाफ जाईल एवढी. कंपनीने २०२२ पासून वेगळ्या पदार्थाचाही पडदा आणलाय, काम तेच. आता वाफ बाहेर जाते कधी? आत गरम आणि दमट, बाहेर थंड आणि कोरडं असेल तेव्हा. ठाण्यात जुलैत हवा स्वतःच ओल्या फडक्यासारखी असते. पायाच्या वाफेने जायचं कुठे? थोडी जाते, पण धावणाऱ्या पायाच्या घामाला ती पुरत नाही. हिमाचलात बर्फातून चालताना हाच बूट उत्तम वागेल. येऊरला तो पायाला प्लास्टिकची पिशवी बांधल्यासारखा वागतो. थोडी महाग पिशवी.

शिवाय बाहेरच्या कापडावर पाणी घरंगळून जावं म्हणून एक लेप असतो. तो चिखलाने, घासण्याने जातो. मग कापड पाणी पितं, पडदा झाकला जातो आणि उरलासुरला श्वासही बंद. पाणी मोत्यासारखं घरंगळायचं थांबलं की लेप गेला असं समजा. त्याचा स्प्रे मिळतो, दर मोसमाला मारावा लागतो.

ओढा लागला तो पाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर. फार नाही, नडगीच्या निम्म्यापर्यंत पाणी, तळ दिसत होता. तळ दिसत नसेल, पाणी गढूळ असेल किंवा वर डोंगरावर काळं झालं असेल तर परत फिरा, सह्याद्रीतला ओढा दहा मिनिटांत रूप बदलतो. आम्ही थांबून पाच मिनिटं पाण्याकडे बघितलं आणि मग उतरलो. म्हणजे मी आणि मित्र थांबलो; काका तोवर पलीकडे होते.

पलीकडे काटा पुन्हा निघाला. माझा बूट ६३० ग्रॅम. मित्राचा ४४०. दोन किलोमीटर धावून टपरीवर पोचलो तेव्हा माझा ५६०, त्याचा ३७०. जाळीतून पाणी पावलागणिक पिचकारीसारखं बाहेर पडताना मला मागून दिसत होतं. माझ्या बुटातून फक्त आवाज येत होता.

पण वजनाचं मी एकवेळ सोडून देईन. मला खरं दुखलं ते ओढ्याच्या आधीच. वाटेवर काळ्या कातळाचा एक उतरता पट्टा आहे, तीनचार पावलांचा. शेवळांच्या रानभाजीचा मोसम संपला होता आणि शेवाळाचा सुरू झाला होता. काका त्यावरून देवळातून बाहेर पडावं तसे उतरले. मी दुसऱ्या पावलाला पाठीवर. ढोपर खरचटलं, घड्याळाची काच गेली. नंतर टपरीवर तिन्ही बूट उलटे करून शेजारी ठेवले तेव्हा कळलं. माझ्या सोलचे खुंट खोल होते, चांगले पाच मिलिमीटर, पण रबर कडक. नखाने दाबलं तर खूणही उठेना. काकांच्या सोलचे खुंट झिजलेले, पण रबर नरम, नख रुततं. चिखलात खुंटांची खोली कामाला येते, ओल्या कातळावर रबराचा नरमपणा. आणि येऊरला काय, पारसिकला काय, खारघरच्या डोंगरावर काय, चिखल आणि बसाल्टचा कातळ एकाआड एक येतात. नरम रबर डांबरावर लवकर झिजतं हे खरं, त्यामुळे रोज घरापासून उपवनपर्यंत त्याच बुटांनी धावू नका. (शेवाळावर कुठलंच रबर पूर्ण धरत नाही. तिथे बसून, हात टेकून उतरण्यात कसलीही लाज नाही. पुढच्या वेळी मी तेच करणार आहे.)

म्हणून आता कोणी विचारलं की पावसाळ्यासाठी वॉटरप्रूफ घेऊ का, तर मी उलट विचारतो: तुझ्या वाटेवर पाणी घोट्याच्या खाली असतं की वर? खालीच असेल, म्हणजे तलावपाळीच्या फेऱ्या, येऊरचा डांबरी रस्ता, सकाळचं दवाचं गवत, पावसाळ्यानंतरची भटकंती, तर जरूर घे. ओढे ओलांडणार असशील तर जाळीचा, पटकन निथळणारा घे आणि भिजायची तयारी ठेव. त्याच मॉडेलच्या वॉटरप्रूफ जोडीला मला अडीच हजार जास्त पडले होते. त्यात चांगल्या मोज्यांचे चार जोड आले असते.

तरी वॉटरप्रूफच घ्यायचा ठरला असेल, तर दुकानात मी केली नाही ती एक गोष्ट करा. बुटाच्या आत हात घाला आणि जीभ दोन्ही बाजूंनी कुठवर शिवली आहे ते बोटाने चाचपा. शिवण जिथे संपते, तुमचा बूट तिथवरच वॉटरप्रूफ. बाकी सगळी जाहिरात. माझ्या बुटाची शिवण तिसऱ्या भोकापाशीच संपते. 'वॉटर रेपेलंट' किंवा 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं असेल तर आत पडदा नाही, नुसता लेप आहे असंच बहुधा निघतं. दुकानदार दोन्हीला वॉटरप्रूफच म्हणतो.

मापाचं वेगळं लिहितो, कारण उतारावर माझ्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. जाळीचा बूट वापराने थोडा सैल होतो. पडद्याचा बूट होत नाही, उलट आतल्या अस्तराने जागा खाल्लेली असते. आपल्याकडे बऱ्याच पुरुषांचा चवडा रुंद असतो, लहानपण चपलेत गेलेलं. मी नेहमीचा नऊ नंबर डोळे मिटून घेतला, साडेनऊ घ्यायला हवा होता. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. धावताना घालणार तेच मोजे घालून जा. उभं राहिल्यावर सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. मग दुकानात जिना असेल तर उतरून बघा, चढून नाही. बोट पुढे आपटलं की तो बूट खाली ठेवा. टाच उचलली जात असेल तर वरच्या शेवटच्या जादा भोकातून नाडीचा फास घालून ओढून बघा. तेवढ्याने भागतं बऱ्याचदा. ती दोन भोकं शोभेची नाहीत, हे मला पंधरा वर्षं धावल्यावर काकांनी सांगितलं.

मोजे सुती नकोत. सुती मोजा पाणी धरून बसतो आणि फोड आणतो. सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा पातळ मोजा घ्या. जुलैत लोकर ऐकून मीही हसलो होतो, पण ओली लोकर टोचत नाही आणि वासही कमी येतो. पाठपिशवीत एक कोरडा जोड आणि साध्या चपला असू द्या, परतीच्या बससाठी. ओले पाय तासन्तास बुटात राहिले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, मग आठवडाभर ऑफिसातही बूट घालवत नाही. पाय खरचटलेला असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. उतरलात आणि पुढच्या काही दिवसांत ताप आला, तर डॉक्टरांना पाण्यातून गेल्याचं आवर्जून सांगा. ठाण्या-मुंबईत पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा ताप) दरवर्षी असतोच. माझं ढोपर मी खाली आल्यावर साबणाने धुतलं, आणि सोमवारी डॉक्टरांना दाखवूनही आलो.

बूट वाळवण्यात मित्र जिंकला हे सांगायला नको. त्याचा सोमवारी संध्याकाळी कोरडा. माझा बुधवारी सकाळी, तोही रद्दी कोंबून, रद्दी चारदा बदलून, इनसोल काढून पंख्याखाली ठेवल्यावर. गॅसच्या कडेला किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका, सोलचा गोंद सुटतो. माझ्या आधीच्या जोडीचा तळवा असाच जिभेसारखा लोंबायला लागला होता. मशीनमध्ये घालायचा मोहही आवरा. चिखल ओला असतानाच नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने काढला की निघतो, वाळल्यावर दगड होतो.

त्या दिवशी आमच्या घड्याळात येऊन-जाऊन साडेतेरा किलोमीटर झाले. माझ्या फुटक्या घड्याळातही तेवढेच. परतताना वाटेवर पाड्यातल्या बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, त्यांच्याकडून कंटोळी घेतली. रविवारी नऊपर्यंत उतरलात तर मिळतात, नंतर गाड्यांतून आलेले लोक उचलून नेतात.

पुढच्या रविवारी मी जुना जाळीचा जोड काढणार आहे. वॉटरप्रूफ कपाटात. मित्र डिसेंबरात केदारकंठाला चाललाय, बर्फात, आणि त्याचा नेहमीचा नंबर नेमका साडेआठ, म्हणजे पडद्याचा नऊ त्याला बरोबर. परवा फोन करून बूट मागितले. चढावर मी त्याला जे दोनदा ऐकवलं होतं ते सगळं विसरल्यासारखा बोलत होता. मी हो म्हटलंय. मोजे त्याने स्वतःचे आणायचेत.