आमची वाटचाल : फ्लॅट दाखवण्यापासून परिसर पारखण्यापर्यंत

आमची पेढी सोलापूरची. गिऱ्हाईक सोलापूर-धाराशिवचं आणि पैसा गुंतवायचा पुण्यात, म्हणजे शहर अनोळखी. सुरुवातीला आम्ही फक्त फ्लॅट दाखवायचो. १ मे २०१७ ला रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा, पूर्णपणे लागू झाला आणि प्रकल्पाची मुदत, मुदतवाढ, कोर्टकज्जे घरबसल्या दिसू लागले. ही माहिती कुणालाही मिळू लागली, म्हणून तेव्हापासून आमचा भर परिसरावर आला.

भाव जाहिरातीवरून धरायचा नाही. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर टाकून सूची क्र. २, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा, काढायची. त्यातही बिल्डरची पहिली विक्री बाजूला ठेवून फेरविक्रीचेच व्यवहार घ्यायचे, कारण पहिल्या विक्रीत स्कीमा मुरलेल्या असतात. क्षेत्र कार्पेट (आतलं वापरायचं) की बिल्टअप (भिंती धरून) आणि पार्किंग किमतीत धरलंय का, हे न बघता काढलेला दर हमखास फसवतो.

मग भाडं. ६० लाखांचा तयार फ्लॅट असेल तर ७ टक्के मुद्रांक शुल्क ४.२० लाख आणि नोंदणी फी ३० हजार, म्हणजे खर्च ६४.५० लाख. भाडं १८ हजार. एक महिना रिकामा धरून वर्षाचे १.९८ लाख होतात. मेंटेनन्सचे महिना ३ हजार वजा केले की १.६२ लाख, म्हणजे जेमतेम अडीच टक्के. मालमत्ता कर अजून भरायचाच आहे! एवढ्यावर मेट्रोचं आश्वासन ऐकून पैसे घालायचे की नाही, ते गिऱ्हाइकाने ठरवावं. आम्ही चालू स्टेशनपर्यंत पायी किती मिनिटं लागतात तेवढं लिहून देतो.

खरी मेख पाण्यात आहे. पुणे महापालिकेत २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली, पण हद्दीत आल्याने नळाला पाणी येतंच असं नाही. सोसायटीच्या ऑफिसात मार्च ते मेची टँकरची बिलं मागायची. कुणी दाखवायला कां-कूं केली तर तेही उत्तरच. रात्री नऊला जाऊन ताबा दिलेल्या इमारतींत किती खिडक्यांत दिवे आहेत ते बघायचं. निम्मा अंधार असेल तर भाडेकरू मिळणं कठीण.

ओढ्याकाठी विकास आराखड्यावरची निळी आणि लाल पूररेषा तपासायची. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते पुणेकरांना विचारा.

बिल्डरकडून दलाली आम्ही घेत नाही. परिसराच्या अहवालाची फी गिऱ्हाइकाकडून आगाऊ घेतो. व्यवहार नाही झाला तरी ती परत मिळत नाही.