उणे २२ आणि खुंटीला टांगलेलं खोगीर

घोडा पाळायचा तो रपेट मारायला, एवढं साधं गणित होतं माझं. आधी घोडे दुसऱ्यांच्या पागेत असायचे, मी जायचे, खोगीर चढवायचे, तासभर फिरून घरी यायचे, पाणी कोण भरतं लीद कोण उचलतं याचा विचार कधी डोक्यात आलाच नाही. मग दोघांना घरामागच्या तबेल्यात आणलं आणि नेमका तोच हिवाळा असा निघाला की एक वीस मिनिटं सोडली तर सात आठवडे मी घोड्यावर बसलेच नाही. त्या सात आठवड्यांचंच हे सगळं.

दोघं म्हणजे ठमी, ११ वर्षांची घोडी, साधारण ४५० किलो, स्वभावाने नावासारखीच. आणि आबा. आबा २४ वर्षांचे आहेत, दाढा झिजल्यात, त्यांना अहोजाहो का करतो ते आता आम्हालाही आठवत नाही.

पहिल्या कडाक्याच्या रात्री मी आणि नवऱ्याने जे केलं ते आठवलं की अजून लाज वाटते. पारा उणे १५ ला गेला, आम्ही घाबरलो, तबेल्याच्या सगळ्या खिडक्यांना प्लास्टिक लावलं, दाराच्या फटीत पोती कोंबली, आणि मोठं पुण्य केल्यासारखे झोपलो. सकाळी दार उघडलं तर डोळ्यांतून पाणीच आलं. रात्रभराच्या मुताचा अमोनिया आत कोंडलेला, छतावरून वाफेचं पाणी थेंबथेंब घोड्यांच्या पाठीवर पडतंय आणि आबा खोकतायत. नेमके त्याच दिवशी नालबंद काका यायचे होते, त्यांनी आत पाऊल टाकलं आणि म्हणाले, "अगं, थंडी तुला वाजतेय, त्यांना नाही. काढ ते प्लास्टिक आधी." घोड्याला कोरडी थंडी चालते, कोंडलेली ओल चालत नाही. तासाभरात वरच्या खिडक्या परत उघड्या. अंगावर थेट वारा येणार नाही एवढीच सोय ठेवली.

याच्यामागचं कारण मला नंतर कळलं. दिवस लहान व्हायला लागले की घोड्याच्या अंगावर हिवाळी केस यायला लागतात, म्हणजे थंडी पडायच्या कितीतरी आधी तयारी सुरू. गारठा वाढला की हे केस उभे राहतात आणि मधे हवेचा थर धरून ठेवतात. ठमीच्या पाठीवर पडलेला बर्फ तासभर तसाच असायचा, वितळायचाच नाही, ते बघून आधी मला वाईट वाटायचं. उलट ते चांगलं लक्षण होतं, आतली ऊब बाहेर येत नव्हती. पण केस भिजले की खेळ खलास. सगळे चपटे होतात, हवा निघून जाते. म्हणून उणे १० च्या कोरड्या दिवसापेक्षा शून्याच्या आसपासचा पाऊस आणि वारा मला जास्त नकोसा वाटायला लागला.

मग झूल घालायची की नाही? यावरून घरात दोन दिवस वाद. शेवटी ठमीला नाही, आबांना हो, असं ठरलं. धडधाकट, दाट केसांच्या, न भादरलेल्या घोड्याला झूल घातली तर ती तेच उभे राहिलेले केस दाबून टाकते. आबांचं वय झालंय, वजन टिकत नाही, त्यांना गरज होती. पण झूल घातली म्हणजे काम संपलं असं अजिबात नाही हां. दुपारी ऊन पडायचं, पारा १० डिग्रींनी वर यायचा, मी हात आत घालून बघितलं तर खांद्यामागे घामाने ओलं. म्हणजे संध्याकाळी गारठा पडला की तोच घाम त्यांना गार करणार. त्यामुळे रोज दोनदा झुलीखाली हात घालायचा आणि रोज एकदा ती पूर्ण काढून बघायची असा नियमच केला. तरी एकदा पट्टा घासून खांद्यावरचे केस गेलेच.

खरी ऊब गवतातून येते हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर झुलीचा वाद झालाच नसता. घोड्याच्या पोटात मागच्या बाजूला जे मोठं आतडं असतं तिथे गवताचा चोथा जंतूंमुळे आंबतो आणि त्यातून उष्णता तयार होते, म्हणजे चालती फिरती शेगडीच. दाण्याने शक्ती मिळते पण अशी रेंगाळणारी ऊब मिळत नाही. मी आधी काय करत होते, तर थंडी वाढली की चंदी, म्हणजे दाणा वाढव. चूक. डॉक्टरीण बाईंनी हिशोब करून दिला. दाट केसांच्या कोरड्या घोड्याला साधारण उणे १० पर्यंत वेगळं काही लागत नाही, त्याखालच्या प्रत्येक डिग्रीमागे अडीच टक्के खुराक जास्त. ठमी रोज ९ किलो वाळलं गवत खायची. उणे २२ म्हणजे १२ डिग्री खाली, म्हणजे ३० टक्के, म्हणजे जवळजवळ १२ किलो. मी ताणकाटा आणून गवत मोजायला लागले कारण माझी "दोन कवळे" कधी ५ किलो भरायची तर कधी ८. आणि जास्तीचं गवत संध्याकाळी उशिरा, कारण सगळ्यात जास्त गारठा पहाटे.

आबांना गवत चावता येत नाही, अर्धवट चावून गोळे थुंकतात, त्यांच्यासाठी गवताच्या दाबलेल्या वड्या कोमट पाण्यात भिजवून लापशी. ही लापशी उणे तापमानात फार वेळ राहिली की दगड होते, त्यामुळे खाऊन होईपर्यंत बादली धरून उभं राहायचं. आबा सावकाश खातात. फार सावकाश खातात.

अजून एक, डोळ्यावर विश्वास ठेवू नका. केसांच्या त्या गुबगुबीत थराखाली घोडा गोल दिसतो आणि आत बरगड्या निघालेल्या असतात. घोड्याचा बांधा मोजायची १ ते ९ ची एक पट्टी आहे, १९८३ साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठात डॉन हेनेके यांनी बसवलेली, १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अतिलठ्ठ. दर रविवारी हातमोजा काढून बरगड्या, मानेची कड, शेपटीचं मूळ चाचपायचे आणि आकडा भिंतीवर खडूने लिहायचे. आबा ५ वरून ४ वर आले ते मला हाताने कळलं, डोळ्यांना दोघं अगदी सारखेच दिसत होते.

आता पाण्याचं. इथे माझी खरी फजिती झाली. फजिती कसली, घोडी जायची वेळ आली होती.

हिरव्या गवतात पाऊणएक भाग पाणीच असतं, वाळलेल्यात जेमतेम दहा-पंधरा टक्के. म्हणजे हिवाळ्यात घोड्याला पिण्याचं पाणी जास्त लागतं, आणि नेमकं तेव्हाच तो कमी पितो कारण पाणी बर्फासारखं गार असतं. बर्फ खातील की, असं मलाही वाटायचं, पण भुसभुशीत बर्फाच्या दहा बादल्या वितळवल्या तर बादलीभर पाणी निघतं, आणि ते वितळवायला घोडा स्वतःच्याच अंगातली ऊब खर्च करतो. म्हणून हौदात टाकायचा हीटर आणला. कडेचं सोडलं तर पाणी गोठणं थांबलं, मी खूश.

चार दिवसांनी लक्षात आलं की ठमीच्या जागेतली लीद कमी झालीय. एरवी दिवसाला आठ-दहा ढीग असायचे, आता तीन-चार, तेही लहान, कडक, वरून चिकट पातळ पापुद्रा. मी म्हटलं थंडीमुळे असेल. (थंडीमुळे असेल हे वाक्य त्या हिवाळ्यात मी किती वेळा म्हटलं देव जाणे.) पाचव्या दिवशी सकाळी ती उभी राहून सारखी कुशीकडे मागे वळून बघत होती, वरचा ओठ मुडपत होती, मग बसली, मग उठली. गवताला तोंड नाही. मी कान तिच्या कुशीला लावला. एरवी तिथे सतत गुरगुर चालू असते, त्या दिवशी अगदी सामसूम.

डॉक्टरीण बाई तासाभरात आल्या. नाडी ५२, एरवी २८ ते ४४ असायला हवी. हिरड्या कोरड्या. खांद्यापर्यंतचा मोजा घालून आतून तपासलं आणि म्हणाल्या, "आतड्याच्या वळणावर गोळा अडकलाय, कोरडा पडलाय पार. किती पाणी पितेय ही?" मला सांगताच येईना. हौद सामाईक, दोघं त्यातच पितात, पातळी उतरतेय एवढंच मला माहीत. नाकातून पोटापर्यंत नळी घातली, क्षार घातलेलं कोमट पाणी आणि लिक्विड पॅराफिन सोडलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. लीद पडेपर्यंत गवताची काडी द्यायची नाही, मधून मधून चालवायचं. मी आणि नवरा आळीपाळीने रात्रभर, टॉर्च डोक्याला बांधून, तिच्या शेपटीमागे नजर लावून. पहाटे साडेचारला पहिला ढीग पडला आणि मी त्या वाफाळत्या लिदीचा फोटो काढला. अजून आहे मोबाईलमध्ये.

पण ती पीत का नव्हती? दुसऱ्या दिवशी मी हौदापाशी नुसती बघत उभी राहिले. ठमी तहानलेली, येते, ओठ टेकवते आणि झटकन मान मागे. परत येते, परत मागे. मी हातमोजा काढून पाण्यात बोट घातलं, काहीच नाही. नवऱ्याने मात्र वीज मोजायचा मल्टिमीटर आणला, एक टोक पाण्यात, एक ओल्या जमिनीत. करंट उतरत होता. थोडासाच, पण मी जाड रबरी बुटात उभी होते आणि ती चारही पाय ओल्या जमिनीत रोवून, तिच्या ओठाला तो झटका बसत होता. हीटरच्या वायरीला तडा गेलेला. दोष विकणाऱ्याचा नाही, आमचाच, वायर उघडी टाकली होती, वरून बर्फाचं फावडं फिरवलं होतं. आणि आबा? आबा तो हौद कधीच सोडून मोकळे झाले होते, त्यांना लापशीतून पाणी मिळत होतं. हौदाची पातळी उतरत होती ती बहुतेक नुसती मी कडेचा बर्फ फोडून बाहेर फेकत होते त्याने.

त्यानंतर हीटर बंद. वायर पाइपात घालून, ईएलसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवून, अर्थिंग नीट करून नवा लावायला दहा दिवस गेले, तोवर दिवसातून तीनदा घरून कोमट पाण्याच्या बादल्या. प्रत्येकाची बादली वेगळी, कोण किती प्यालं ते भिंतीवर खडूने. कोमट असलं की ठमी एका दमात अख्खी बादली संपवते हे तेव्हा कळलं. खुराकात रोज थोडं मीठही सुरू केलं, त्याने तहान लागते. २५ लिटरच्या खाली आकडा आला की मला झोप लागायची नाही.

या सगळ्यात रपेट राहिलीच. सुरुवातीला फार खात होतं ते मला. चांगली घोडी उभ्या उभ्या बिघडतेय, मी आळशी आहे, लोक बर्फात सुद्धा घोडे पळवतात वगैरे. एकदा उणे १४ ला हट्टाने काढली बाहेर. दुडक्या चालीत वीस मिनिटं, बस. आल्यावर बघते तर छाती आणि पट्ट्याखाली घाम, आणि त्या दाट केसांतून तो वाळेचना. दीड तास मी पोत्याने पुसतेय, खरारा करतेय, वरून ओल ओढणारी झूल टाकतेय, ती काढतेय, परत टाकतेय. वीस मिनिटांच्या हौसेला दीड तास. वर दोन दिवस ठमी कोरडी खोकत होती. डॉक्टरीण बाई म्हणाल्या की घोडा उभा असताना मिनिटाला साठ-सत्तर लिटर हवा घेतो, भरधाव पळताना तीच हजाराच्या पुढे जाते, एवढी हवा गरम करणं नाकाला झेपत नाही, गार कोरडी हवा थेट खालपर्यंत जाते आणि श्वासनळ्या सुजतात. महिनाभर सुट्टी दिली तर घोड्याचा दम फारसा उतरत नाही, काळजी करू नका, असंही म्हणाल्या. हे ऐकून मी खोगीर खुंटीला टांगलं. माझ्यापुरता नियम: उणे १० च्या खाली नुसतं चालणं, उणे १५ च्या खाली खोगीर नाही, आणि जमीन काचेसारखी गोठली असेल तर पारा कितीही असो, नाही म्हणजे नाही.

मग हालचाल कशी द्यायची? गवत एका जागी न टाकता आवारात सहा-सात ठिकाणी लांब लांब छोटे ढीग. दोघं दिवसभर या ढिगावरून त्या ढिगावर, आबा ठमीला हुसकतात, ठमी आबांना. आतडं चालतं राहायला एवढं पुरतं. खुरांत मात्र बर्फाचे गोळे बसतात, नाल ठोकलेल्या खुरांत तर जास्तच, घोडा उंच टाचांच्या चपला घातल्यासारखा डुगडुगतो आणि पाय मुरगळायची भीती. नालबंद काकांनी ठमीचे नाल काढूनच टाकले. तरी रोज आकड्याने खूर साफ करून तळव्याला व्हॅसलीन फासायचे, दोन-तीन तास टिकायचं.

सात आठवड्यांनी उणे ३ झालं, वारा पडला, वाट मऊ झाली. लगामाची लोखंडी कडी आधी दहा मिनिटं जॅकेटच्या आत काखेत धरली, गोठलेलं लोखंड जिभेला चिकटतं म्हणून. खोगिराचा पट्टा दोन भोकं कमी पडला, ठमीबाई सुटल्या होत्या. वीस मिनिटं, फक्त चाल, कुंपणापर्यंत आणि परत. मला वाटलेलं ती उधळेल. ती जांभया देत चालली.

उतरले तर माझ्या दोन्ही मांड्यांवर ठमीचे केस, मूठ मूठ. बाहेर अजून बर्फ होता पण दिवस मोठे व्हायला लागले होते, तिला ते माझ्याआधी कळलं होतं. केस झटकले आणि पाण्याची बादली आणायला आत गेले.