स्लाइस नव्हताच तो

"सर, एवढा स्लाइस घालवा, बाकी काही नको," असं म्हणत गोल्फ शिकायला आलेल्या गृहस्थांनी बॅगेतून सेव्हन आयर्न हा लोखंडी क्लब काढला. वय पन्नाशीच्या पुढचं, उजव्या हाताने खेळणारे, बारा-पंधरा वर्षं नियमित खेळलेले. गेल्या वर्षभरात आयर्नचे बॉल उजवीकडे जायला लागले आणि प्रत्येक उपायानंतर थोडे जास्तच जायला लागले. आधी दोन ठिकाणी शिकून झालं होतं, शिवाय मित्रांचे सल्ले होतेच.

पहिला बॉल मारायच्या आधीच त्यांची पकड खटकली. वरून पाहिलं तर डाव्या मुठीचे दोन-अडीच सांधे दिसावेत, यांचे चारही दिसत होते. अंगठा आणि तर्जनीमधली खाच उजव्या खांद्याच्याही बाहेर रोखलेली. इतक्या स्ट्राँग, म्हणजे उजवीकडे फिरवलेल्या ग्रिपने इम्पॅक्टला, बॉल लागण्याच्या क्षणी, फेस (क्लबचा बॉलला लागणारा सपाट भाग) बंद, म्हणजे डावीकडे वळलेला, व्हायला हवा आणि बॉल डावीकडे वळायला हवा. इथे पकड डावीकडे ओढणारी आणि तक्रार मात्र उजवीकडची. हे कोडं सुटेपर्यंत स्विंगबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, असं ठरवलं.

दहा बॉल मारायला सांगितले, मध्ये काहीही न सुचवता. सहा बॉल थोडे उजवीकडे निघाले, अशक्त, नेहमीच्या अंतरापेक्षा वीस-पंचवीस यार्ड कमी. एक चांगला गेला. उरलेले तीन जमिनीलगत, जवळजवळ पंचेचाळीस अंशांत उजवीकडे सुटले. त्यांच्या लेखी सगळेच स्लाइस. पण स्लाइस हवेत वळतो. तो निघतो एका दिशेने आणि पुढे जाऊन उजवीकडे झुकतो. हे तीन बॉल हवेत वळलेच नाहीत, क्लबपासून सुटतानाच तिरके सुटले. आवाजही वेगळा होता: फेसच्या मध्यावर लागल्यावर येतो तसा भरीव नाही, कोरडा, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा.

मग पायाला मारायचा पावडरचा स्प्रे काढला. आयर्नच्या फेसवर त्याचा पातळ थर मारला की बॉल लागेल तिथे गोल ठसा उमटतो. बॉलवर पुसता येणाऱ्या मार्करने ठिपका काढूनही काम भागतं, पण आयर्नच्या खोबणींवर पावडर जास्त स्पष्ट दिसते. एकेक बॉल मारायचा, क्लब उचलून पाहायचा, पुसायचा, पुन्हा फवारायचा. पाच ठशांत चित्र उघड झालं. ज्याला ते "बरा गेला" म्हणत होते त्याचा ठसासुद्धा मध्यापासून दीड सेंटीमीटर हीलकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला. आणि जो तिरका गेला त्याचा अर्धा ठसा फेसच्या बाहेर, जिथे फेस संपून होझलचा, म्हणजे दांडा बसवायच्या नळीचा, गोल भाग सुरू होतो तिथे.

म्हणजे स्लाइस नव्हताच, हा शँक होता. वर्षभर त्याच्यावर स्लाइसचे उपाय चालले होते.

हे उपाय शँकला कसे पोसतात ते नीट सांगायला हवं, कारण ही चूक फार होते. स्लाइसला पहिला उपाय म्हणजे ग्रिप स्ट्राँग करा. दुसरा, क्लब आतून बाहेर न्या. होझल हा क्लबहेडचा खेळाडूच्या सर्वांत जवळचा भाग. स्विंग जितका आतून बाहेर जातो तितकं क्लबहेड इम्पॅक्टच्या वेळी शरीरापासून दूर, बॉलच्या दिशेने सरकत असतं, आणि होझल नेमका तिथे येऊन पोचतो जिथे फेसचा मध्य असायला हवा. तिसरा सल्ला त्यांना मिळाला होता, "बॉलच्या फार जवळ उभे राहताय, मागे सरका." ऐकायला पटणारा. पण गरजेपेक्षा दूर उभं राहिलं की हात पुढे ताणावे लागतात, वजन चवड्यांवर येतं आणि खाली येताना शरीर तोल सावरायला पुढे झुकतं. मागे सरकलेला माणूस स्विंगमध्ये पुढे पडतो आणि होझल पुन्हा बॉलपाशी.

इंग्लंडचे गोल्फ-शिक्षक जॉन जेकब्स स्विंग कसा दिसतो यापेक्षा बॉल काय करतो यावरून निदान करायचे, आणि ती पद्धत आजही सर्वांत खात्रीची वाटते. फक्त त्यात एक पायरी आधी घालावी लागते. फेसवर बॉल कुठे लागला हे पाहिल्याशिवाय उड्डाण वाचायला घेऊ नये. फेस आणि पाथ (क्लबहेड जातं तो मार्ग) यांचं गणित मध्याजवळ लागलेल्या बॉलसाठी आहे, होझलवरून उडालेल्या बॉलला ते लागू पडत नाही.

उभं राहण्याच्या दोन तपासण्या केल्या. सेव्हन आयर्न घेऊन उभं राहा, उजवा हात ग्रिपवरून सोडा, सैल लोंबू द्या आणि परत ग्रिपकडे न्या. हात सरळ ग्रिपवर आला पाहिजे. त्यांचा हात ग्रिपपासून चांगलं वीतभर आत, मांड्यांकडे लोंबला. दुसरी: बुटाच्या आत बोटं वर उचलून हलवा. हललीच नाहीत, सगळं वजन त्यांच्यावर होतं. फोनवर एक व्हिडिओही काढला. टार्गेटच्या रेषेत मागून, कॅमेरा हातांच्या उंचीवर आणि हातांच्याच रेषेत ठेवून, सेकंदाला २४० फ्रेमच्या गतीने. कॅमेरा थोडा जरी आत-बाहेर झाला तर स्विंगचा मार्ग खोटा दिसतो, म्हणून जागा जमिनीवर खूण करून ठरवावी. पडद्यावर कमरेच्या मागच्या कडेला उभी रेघ मारली. बॅकस्विंगमध्ये कंबर रेघेला टेकलेली, इम्पॅक्टला चार बोटं पुढे गेलेली. व्हिडिओ त्यांना दाखवला नाही. तो पाहिला की माणूस कमरेबद्दल विचार करायला लागतो आणि हात विसरतो.

त्यांना जवळ आणलं: ग्रिपचं टोक आणि मांडी यांत एका तळहाताचं अंतर, वजन पावलाच्या मध्यावर, बुटांच्या लेसखाली. पाच बॉल मारले. ठसे जवळजवळ होते तिथेच. उभं राहणं बदललं तरी वर्षभराची सवय डाउनस्विंगमध्ये पुढे पडतच होती. वर दोन बॉल मागून, जड लागले. मॅटवर ते कळतही नव्हतं. क्लब बॉलच्या दोन-तीन इंच मागे टेकतो, रबरावरून घसरतो आणि बॉल तरीही बऱ्यापैकी उडतो. गवतावर हाच फटका मातीत रुतून बसतो. म्हणून मॅट सोडून गवताच्या पट्ट्यावर गेलो.

तिथे बॉलच्या पलीकडे, टोच्या (क्लबहेडच्या बाहेरच्या टोकाच्या) बाजूला एक लाकडी टी, म्हणजे बॉल ठेवायची खुंटी, रोवली, बॉलच्या बाहेरच्या कडेपासून तीन सेंटीमीटर अंतरावर. हे अंतर अंदाजाने घेतलेलं नाही. बॉलचा व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या सुमारे २१. आयर्नचा मध्य ते टोचं टोक साधारण ४० मिलिमीटर. बॉल मध्यावर लागला तर टो बॉलच्या बाहेर जेमतेम दोन सेंटीमीटर येते आणि टीला चुकवून जाते. बॉल दीड-दोन सेंटीमीटर हीलकडे लागला की टो टीला उडवते. निकाल द्यायला शिक्षक लागत नाही. आधी बॉलशिवाय, कमरेपासून कमरेपर्यंतचा अर्धा स्विंग. पहिल्या सहापैकी चार वेळा टी उडाली.

मग एकच सूचना दिली: "बॉल टोने मारा. फेसच्या अगदी टोकाने." कंबर, गुडघे, हात, डोकं यातलं काहीच बोललो नाही. १९९९ साली संशोधक गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांना छोटे पिच शॉट शिकवून पाहिले होते. ज्यांचं लक्ष हातांच्या हालचालीवर ठेवलं त्यांच्यापेक्षा ज्यांचं लक्ष क्लबच्या हालचालीवर ठेवलं ते जास्त अचूक ठरले. त्याच्याही कितीतरी आधी गोल्फ-शिक्षक अर्नेस्ट जोन्स, पहिल्या महायुद्धात एक पाय गमावलेले, रुमालाला खिशातला चाकू बांधून झुलवायचे आणि स्विंग म्हणजे काय ते दाखवायचे. त्यांच्याही शिकवण्यात शरीराच्या अवयवांची यादी नव्हती, झुलणारं क्लबहेड होतं.

त्यांनी टोने मारायचा प्रयत्न केला. पहिला बॉल मारल्यावर म्हणाले, "हा नक्की टोला लागला." ठसा पाहिला तर मध्यापासून अर्धा सेंटीमीटर, आणि तोही हीलकडेच. जाणवणं आणि घडणं यांत दीड-दोन इंचांचं अंतर पडलेलं होतं, म्हणूनच नुसतं "मध्यावर मारा" म्हणून भागलं नसतं. पाच बॉलांनंतर ठसे मध्याभोवती जमले. टी जागेवर उभी.

आणि बॉल डावीकडे वळायला लागले. सातवा तर तीस यार्ड हुक झाला.

त्यांचा चेहरा पडला. "सर, आता हे काय नवीन?" नवीन काहीच नव्हतं. वर्षभर चढवलेले उपाय पहिल्यांदाच फेसच्या मध्यावरून बोलत होते. आयर्नचा बॉल कुठे निघतो हे साधारण तीन-चतुर्थांश फेस ठरवतो, उरलेलं पाथ, आणि फेस पाथच्या तुलनेत बंद असला की बॉल डावीकडे वळतो. बॉल आणि फेस एकमेकांना चिकटून असतात तो वेळ जेमतेम अर्धा मिलिसेकंद, त्यात दुरुस्तीला जागा नाही. चार सांध्यांच्या पकडीचा फेस बंद येणारच. हुक हा खरा पुरावा होता की त्यांचा फेस कधीच उघडा नव्हता.

इथे थांबून विचार करावा लागला. एका तासात दोन बदल करू नयेत, हा नियम मी कसोशीने पाळतो. पण ते हा हुक घेऊन घरी गेले असते तर दुसऱ्या दिवशी त्याला घाबरून हात पुढे ढकलले असते आणि शँक परत आला असता. म्हणून पकड बदलली, पण अर्धीच. डावा हात एका सांध्याइतका डावीकडे फिरवला, चारांवरून तीनावर. उजवा हात फक्त डाव्याला जुळवला. पूर्ण दोन-अडीच सांध्यांवर आणलं असतं तर परक्याचा क्लब धरल्यासारखं वाटलं असतं आणि दडपणाखाली हात जुन्या जागी गेले असते. आतून बाहेर जाणाऱ्या पाथला हात लावला नाही. तोल सावरला आणि फेस मोकळा झाला की तो पुष्कळदा आपोआप कमी होतो.

एवढ्यात शेजारच्या बेमधून, म्हणजे सरावाच्या खणातून, त्यांच्या मित्राने हाक दिली, "डोकं खाली ठेवा, डोकं!" हा सल्ला या माणसाला विषासारखा. डोकं खाली दाबलं की वजन पुन्हा चवड्यांवर. आणि मित्र स्वतः आमचं पाहून टी रोवून टोने मारू लागले होते. त्यांचा बॉल आधीच टोला लागत होता, त्यांना अगदी उलटी सूचना हवी होती. टेक्ससचे शिक्षक हार्वी पेनिक पुढे नामवंत खेळाडू झालेल्या टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ या दोघांनाही लहानपणापासून शिकवायचे, पण एकाचं शिकणं चालू असताना दुसऱ्याला पाहू द्यायचे नाहीत. ते असं का करायचे, हे त्या सकाळी शेजारच्या बेकडे पाहून पुन्हा पटलं. मित्राला वेगळी वेळ दिली.

सरावाचं गणित लिहून दिलं. दोन आठवडे फक्त सेव्हन आयर्न आणि नाइन आयर्न, दिवसाला चाळीस बॉल, त्याहून एकही जास्त नाही. थकलेले पाय पहिल्यांदा तोल सोडतात आणि शँक शेवटच्या दहा बॉलांत परत येतो. प्रत्येक बॉलआधी दोन अर्धे स्विंग टीला न शिवता. दर पाच बॉलांनी स्प्रे, ठसा, आणि वहीत तीनच नोंदी: हील, मध्य की टो. बॉल कुठे गेला हे लिहायचं नाही. पहिला आठवडा एकाच टार्गेटवर, दुसऱ्या आठवड्यात दर बॉलला क्लब आणि टार्गेट बदलायचं, कारण कोर्सवर एकच फटका सलग दोनदा मारायला कोणी देत नाही. शँक आलाच तर लगेच दुसरा बॉल मारायचा नाही. बोटं बुटात हलवून पाहायची, उजवा हात लोंबवून पाहायचा, मग दोन अर्धे स्विंग.

"आणि ड्रायव्हर?" त्यांनी सगळ्यात लांब मारायच्या क्लबबद्दल विचारलं. ड्रायव्हरच्या क्लबहेडचं वजन फेसच्या बरंच मागे असतं, त्यामुळे हीलकडे लागलेला बॉल उजवीकडे वळण घेतो आणि खरोखरच स्लाइससारखा दिसतो. तिथेही आधी ठसाच पाहायचा, पण पुढच्या वेळी.

शेवटचे पाच बॉल त्यांनी स्प्रे न पुसता, एकाच थरावर मारले. चार ठसे एकमेकांवर चढलेले, एक थोडा हीलकडे. फडकं पुढे केलं तर नको म्हणाले, आणि क्लब तसाच, पांढऱ्या फेसचा, बॅगेत ठेवला.