शांत कुत्रं आणि गोठलेलं कुत्रं

अल्टा हे उत्तर नॉर्वेतलं गाव, आसपासचा परिसर धरून सुमारे २१ हजार वस्तीचं, जवळजवळ ७० अंश उत्तर अक्षांशावर. नोव्हेंबर संपता संपता सूर्य क्षितिजाखाली जातो, तो जानेवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. इथून दर मार्चमध्ये फिनमार्क्सलोपे ही स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढणाऱ्या कुत्र्यांची शर्यत सुटते. १९८१ पासून चालत आलेली ही शर्यत, तिचा लांबचा पल्ला सुमारे १,२०० किलोमीटरचा. साहजिकच गावाबाहेर पाइनच्या झाडीत ठिकठिकाणी केनेल, म्हणजे ही कुत्री पाळायची आवारं, आहेत. अशाच एका केनेलमध्ये मी सुट्टीच्या दिवशी मदतीला जाते. घरच्यांना वाटतं की मी बर्फात स्लेज हाकत असेन. ते क्वचित होतं. माझ्याकडे जे काम आहे ते वेगळं आहे आणि मला ते स्लेजपेक्षा जास्त प्रिय आहे: सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतच्या कुत्र्यांना गावात नेऊन आणायचं. हळूहळू, त्यांना झेपेल तेवढंच.

ही कुत्री अलास्कन हस्की. फोटोतल्या निळ्या डोळ्यांच्या सायबेरियन हस्कीसारखी ती दिसत नाहीत. सडसडीत अंग, लांब पाय, रंग कुठलाही. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या यादीत ही जात नाही, कारण ती रूप बघून नाही, धाव बघून निवडत आणलेली आहे. उणे २५ अंशांत, काळोखात, गोठलेल्या नदीवरून ती आनंदाने धावतात. आणि त्यातलंच एखादं गावात काचेचा दरवाजा आपोआप सरकलेला बघून पोट जमिनीला टेकवतं.

याचं कारण त्यांच्या लहानपणात आहे. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचं होईपर्यंत जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याच्या हिशेबी नेहमीचं जग ठरतं. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिल्लं कुंपणाच्या आत, माणसांपासून दूर वाढवली आणि त्यातल्या काहींना वेगवेगळ्या वयात आठवडाभर माणसाचा सहवास दिला. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांना तो मिळालाच नाही, ती पुढे माणसाला बिचकतच राहिली. आमच्या केनेलमध्ये माणसांचं भय कुणाला नाही. पण तिथे माणसं आहेत, गवताचा पेंढा आहे, इतर कुत्री आहेत, आणि फारसं दुसरं काही नाही. उन्हाळ्यातल्या वेताला गावात न्यायला मालकिणीला वेळ मिळतो. उशिरा शरद ऋतूत जन्मलेल्या वेताच्या वेळी मात्र स्लेजचा हंगाम सुरू झालेला असतो, आणि ते मोलाचे आठवडे केनेलच्या आवारातच निघून जातात.

आपल्याकडे गल्लीत जन्मलेल्या पिल्लाकडून हा अभ्यास कुणी करून घेत नाही. डोळे उघडल्यापासून रिक्षा, शाळेची पोरं, भाजीची हातगाडी, सगळं त्याच्या अवतीभवती असतंच. इथल्या पिल्लाला निवांतपणा मिळतो, आणि तोच निवांतपणा पुढे त्याला नडतो.

स्लेज ओढणाऱ्या कुत्र्याला गाव कशाला दाखवायचं, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. उत्तर शर्यतीच्या दिवशी मिळालं. शर्यत गावाच्या मधोमध सुटते. दोन्ही बाजूंना माणसांची गर्दी, लाउडस्पीकर, कॅमेरे, शेजारी भुंकणाऱ्या अनोळखी टोळ्या. पुढे वाटेतल्या थांब्यांवर कुत्र्याने परक्या जागी पेंढ्यावर आडवं व्हायचं, खायचं आणि झोपायचं असतं. अनोळखी पशुवैद्य येऊन पंजे, सांधे, खांदे दाबून बघतात. जे कुत्रं तिथे डोळे मिटू शकत नाही, ते धावण्याने नाही तर जागरणाने थकतं. शिवाय हे आयुष्य कायमचं नसतं. काही कुत्री शर्यतीत रमतच नाहीत, बाकीची वय झालं की निवृत्त होतात, आणि मग कुणाच्या तरी घरी जातात. त्या घरात जिने असतात, व्हॅक्यूम क्लीनर असतो, दारावरची घंटा असते. दहाव्या वर्षी हे सगळं पहिल्यांदा भेटणं त्या जिवावर अन्याय आहे.

माझ्या वाट्याला आलेल्या वेतातल्या चौघांना पक्ष्यांची नावं आहेत: रीपे, लुंदे, तेर्ने आणि अर्न. लुंदे पहिल्याच दिवशी पेट्रोलपंपावर शेपटी वर करून उभा राहिला. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, असा जीव जन्मालाच यावा लागतो. रीपेबद्दल मात्र खूप सांगायचं आहे.

सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये रीपे माझ्या पायाशी न हलता उभी होती. ओढत नव्हती, भुंकत नव्हती. बाजूने जाणाऱ्या बाई कौतुकाने म्हणाल्या, “किती शांत आहे हो!” पण ती शांत नव्हती. तोंड घट्ट मिटलेलं, वजन मागच्या पायांवर, कान मागे, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसत होतं. मध्येच जिभेचं टोक नाकावरून फिरत होतं, झोप नसताना जांभई येत होती. मी तिच्यापुढे सुक्या कॉड माशाचा तुकडा धरला. केनेलमध्ये त्यासाठी ती माझ्या अंगावर चढते. तिथे तिला तो दिसलाच नाही.

कुत्र्यांच्या कामात मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन: स्वस्थ उभं राहिलेलं कुत्रं आणि भीतीने गोठलेलं कुत्रं लांबून अगदी सारखं दिसतं. जांभई, जीभ फिरवणं, मान वळवणं, जमीन हुंगणं यांकडे लोकांचं लक्ष वेधण्याचं मोठं काम नॉर्वेच्याच तुरिद रुगास या प्रशिक्षिकेने केलं. त्यातली प्रत्येक खूण दर वेळी ताणाचीच असते असं नाही, जांभई झोपेचीही असते. म्हणून एक खूण नाही, सगळं अंग वाचायचं. स्वस्थ कुत्र्याचे स्नायू सैल असतात, तोंड किंचित उघडं असतं, ते मान वळवून इकडेतिकडे बघतं, वास घेतं, मला विसरून परत आठवतं. गोठलेलं कुत्रं यातलं काहीच करत नाही.

आणि गोठलेल्या कुत्र्याला “सवय होईल” म्हणून तिथेच उभं ठेवलं तर ते पुढच्या वेळीही गप्प उभं राहतं, म्हणून माणसाला वाटतं की जमलं. प्रत्यक्षात त्याने एवढंच ताडलेलं असतं की इथे आपलं काही चालत नाही. मग एखाद्या दिवशी ते पट्ट्यातून मान काढून पळतं, किंवा पुढे आलेल्या हातावर दात लावतं, आणि सगळे म्हणतात, अचानक काय झालं याला! अचानक काहीच झालेलं नसतं.

म्हणून त्या दिवशी आम्ही दोघी वळलो आणि चालत राहिलो, गाड्या लहान दिसेपर्यंत. तिथे रीपेने अंग झटकलं, खाली वाकून बर्फ हुंगला आणि हातातला मासा घेतला. तेच आमचं सुरुवातीचं अंतर ठरलं. ट्रॉली खडखडली की मासा, दार सरकलं की मासा. आधी आवाज, मग खाऊ, हा क्रम उलटा होऊ द्यायचा नाही, नाहीतर खाऊच भीतीची चाहूल होऊन बसतो. ती किती हळू घेते हेही बघायचं. रोज ओठांनी घेणारं कुत्रं बोटांना दात लागतील असं ओढून घेऊ लागलं, की आपण फार जवळ आलो. आणि ती मागे वळली तर मीही वळायचं, दर वेळी, न कुरकुरता. निघून जाता येतं हे तिला कळलं, त्यानंतरच ती आपणहून पुढे जाऊ लागली.

तिला जवळ घेतल्याने, पाठीवर हात ठेवल्याने तिची भीती वाढेल, हा समज इथेही ऐकू येतो. मला तो पटत नाही. भीती ही काही बक्षिसासाठी केलेली करामत नाही. माझ्या पायाला टेकून तिला बरं वाटत असेल तर माझा पाय तिथेच असेल.

सामानाचंही सांगायला हवं. गावात आम्ही स्लेजचा हार्नेस, म्हणजे छातीपाठीभोवतीचा पट्ट्यांचा साज, कधीच घालत नाही. तो अंगावर चढला म्हणजे ओढायचं, हे या कुत्र्यांना पक्कं ठाऊक असतं. फिरायचा हार्नेस वेगळा, मऊ, आणि त्यात पट्टा ताणायचा नसतो. दोन कामांना दोन वेष दिल्यावर त्यांचा गोंधळ होत नाही. घाबरलेलं कुत्रं मागे मागे सरकत गळपट्ट्यातून सहज निसटतं, म्हणून दोरी हार्नेसला आणि गळपट्ट्याला, दोन्हीकडे बांधलेली असते. इथे सुटलेलं कुत्रं म्हणजे एका बाजूला महामार्ग आणि दुसऱ्या बाजूला रेनडिअरचे कळप. १ एप्रिल ते २० ऑगस्ट या काळात देशभर कुत्रं बांधूनच किंवा कुंपणात ठेवावं लागतं, जनावरं आणि पक्षी पिल्लांसह असतात म्हणून. मला हा कायदा फार शहाणपणाचा वाटतो.

ध्रुवीय रात्रीत या सगळ्याला आणखी एक अडचण येते. भर दुपारीही उजेड संधिप्रकाशापुरताच असतो आणि लोक कपाळावर दिवा लावून चालतात. आपल्याला समोरून माणूस येताना दिसतो. कुत्र्याला दिसतो तो डोळे दिपवणारा एक प्रकाशाचा गोळा, ज्याला चेहरा नाही आणि खाली कपड्यांवरच्या दोन चमकणाऱ्या पट्ट्या हलताहेत. तेर्ने, जी बाकी कशाला घाबरत नव्हती, याला मात्र घाबरली. मग आम्ही केनेलमध्येच सुरुवात केली. दिवा आधी जमिनीवर ठेवलेला, मग माझ्या हातात, मग कपाळावर पण मान खाली घातलेली, आणि शेवटी माझ्याऐवजी शेजारचे आजोबा. हे तिला शिकावंच लागणार होतं, कारण पुढे आयुष्यभर रात्रीच्या धावेत तिच्या मागे तोच दिवा असणार आहे.

इथली इतर भयंही आपल्या कल्पनेत येणारी नाहीत. छपरावरून बर्फाचा थर एकदम घसरून धप्पकन पडतो. बर्फ खरवडणारी गाडी पिवळा दिवा फिरवत, रस्ता खरडत येते. म्हातारी माणसं स्पार्कवर येतात, म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर सरकणारी खुर्ची, मागे उभं राहून एका पायाने रेटायची. बर्फाचा धमाका मला ठरवून घडवता येत नाही, तो झाला की तिथेच बर्फात मूठभर खाऊ पसरते आणि नाकाला काम देते. हुंगत राहिलेल्या कुत्र्याचा श्वास हळूहळू खाली येताना बाजूने दिसतो.

पहिल्या काही फेऱ्यांना आम्ही एक निवृत्त म्हातारी कुत्रीही सोबत न्यायचो. ती फळ्यांच्या पुलावरून चालत गेली की अर्नही जायचा. अशी सोबत फार उपयोगी पडते, पण त्यात एक मेख आहे. ती नसताना तो पुलाशी येऊन थबकला. तोवर त्याचा धीर तिच्या जिवावरचा होता. मग तोच पूल आम्ही त्याच्या एकट्यासाठी पुन्हा पहिल्या फळीपासून केला.

या कामात मला इथल्या लोकांची मोठी मदत होते, आणि ती ते काहीही न करता करतात. अनोळखी कुत्र्यावर कुणी धावून येत नाही, लांबून टक लावत नाही. मुलंसुद्धा थांबून आधी विचारतात, भेटू का म्हणून. मी नको म्हटलं तर हात हलवून निघून जातात. भेटायचं ठरलंच तर मी त्यांना कडेने उभं राहायला आणि हात खाली सोडायला सांगते. कुत्र्याला यायचं असेल तर येईल.

फेरी लहानच ठेवते. चांगलं चाललेलं असताना गाडीकडे वळते, कारण अजून पाच मिनिटं काढावीत असं मला वाटतं तेव्हा ती कुत्र्याला जड जातात. आणि लगेच दुसऱ्या दिवशी तेच कुत्रं नेत नाही. अंगातला ताण उतरायला वेळ लागतो, एकावर एक भीती चढत गेली तर कालची साधी गोष्टही आज मोठी होते. मधल्या दिवसांत केनेलमध्ये पंजे हातात द्यायचा सराव होतो. शर्यतीत पंजे जपण्यासाठी कापडी मोजे घालावे लागतात, म्हणून आधी नुसता हाताचा स्पर्श, मग बोटांमधली जागा, मग मोजा. पंजा मागे घेतला की मी थांबते. थोड्या वेळाने बहुतेक वेळा तो पंजा परत येतो.

लुंदे यंदा मोठ्यांच्या टोळीबरोबर धावायला लागला आहे. अर्नला ओढण्यात गोडीच नाही, म्हणून त्याच्यासाठी घर शोधतो आहोत, आणि आता तो जिना चढतो हे त्या घराला सांगता येईल. रीपे सुपरमार्केटच्या दारापासून गाडीच्या दोन रांगांवर उभी राहून आळस देते. येत्या मार्चमध्ये ती शर्यतीत नाही. शर्यत सुटेल त्या दिवशी मी तिला घेऊन मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या मागे उभी राहणार आहे, लाउडस्पीकर ऐकू येईल पण शब्द कळणार नाहीत इतक्या अंतरावर. तिने बर्फातला मासा हुंगून खाल्ला तर एक गल्ली पुढे. नाही खाल्ला तर गाडीकडे.