पासष्ट बाय चोपन्न

८२ बाय ६७ सेंटिमीटरचा कॅनव्हास मी घरी ताणून, जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात देऊन, घासून तयार ठेवला होता. इटालियन चित्रकार राफाएलने काढलेल्या, बाल्दासारे कास्तिल्योने या दरबारी लेखकाच्या व्यक्तिचित्राचं हेच माप. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून त्याची प्रत करायची परवानगी हातात आली, आणि तेव्हा कुठे मी नियम नीट वाचले. प्रत मूळ मापाची चालत नाही, एक पंचमांशाने लहान किंवा मोठी हवी. चित्रकाराची सहीही उतरवायची नाही. आधी वाचायला हवं होतं, चूक माझीच. तो कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवला आणि ६५ बाय ५४चा घेतला.

चार दिवस फार वाईट वाटलं. आता वाटतं, बरंच झालं. त्याच मापात डोळा आळशी होतो. लहान करताना नाकाची रुंदी आणि दोन डोळ्यांमधलं अंतर यांचं नातं दर वेळी नव्याने शोधावं लागतं.

फोनवर मावशी म्हणाली, "अगं, एवढी पॅरिसला राहतेस आणि नक्कल कसली करतेस? स्वतःचं काहीतरी काढ ना." तिचं बोलणं मनाला लागलं. गाणं शिकणारी मुलगी गुरूंची एकच तान वर्षभर घोटते, त्याला आपण तालीम म्हणतो, कौतुकाने ऐकतो. मग ब्रश हातात घेतला की तीच गोष्ट नक्कल कशी होते? हेच चित्र १६३९ साली अॅमस्टरडॅममध्ये लिलावाला आलं, तेव्हा डच चित्रकार रेम्ब्रांने तिथेच त्याचं भराभर रेखाटन केलं आणि ते ३५०० गिल्डरला गेलं हेही त्यावरच लिहून ठेवलं. पुढच्याच वर्षी त्याने स्वतःचं व्यक्तिचित्र काढलं, त्यात बसण्याची ढब थेट या चित्रातली. चित्रकार रुबेन्सनेही या चित्राची प्रत केली होती. आणि आपल्याकडे? १८७२पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी तिथले शिक्षक ग्रिफिथ्ससाहेबांबरोबर अजिंठ्याच्या लेण्यांत वर्षानुवर्षं प्रती करत होते. त्यातल्या कितीतरी १८८५ला लंडनच्या आगीत जळाल्या. इथे माझ्यामागे थांबून कोणी विचारपूस केली की मी अजिंठ्याचं सांगतेच, आणि सांगताना मान ताठ होते. प्रती करणं मी परदेशात येऊन उचललेलं खूळ नाही, मावशी.

आता त्या राखाडीबद्दल, कारण गेले तीन आठवडे मी त्यातच आहे. कास्तिल्योनेच्या बाहीवरची फर राखाडी आहे. मी आयव्हरी ब्लॅकमध्ये पांढरा कालवून लावला, तर तो पत्र्यासारखा निळसर, थंड दिसला. यलो ऑकर घातला, मातकट झाला. अंबर या तपकिरी रंगाचं एक टोक घातलं, तेव्हा जरा जवळ आला. मूळ चित्रात मागची भिंतसुद्धा उबदार करडी आहे, आणि फर तिच्यावर तोलून धरलेली आहे. एकटी बाही रंगवायला बसलं की हात फसतो.

डोळ्यांचंही तेच. बुबुळांभोवतीचा पांढरा भाग मुळात पांढरा नाहीच, चांगला काळपट आहे. मी तसाच लावला, तर माझा कास्तिल्योने आजारी दिसायला लागला. पुसून टाकायला चिंधी उचलली होती, पण वेळ संपली.

काल सकाळी गळ्याजवळच्या सदऱ्याचा पांढरा भरला, जाड, एका दमात. मागे सरून पाहिलं तर डोळे ओलसर, जिवंत झाले होते. त्यांना मी हातही लावला नव्हता.