पाय मोडला आणि वाद हेल्मेटचा

माझ्या मामेभावाच्या दुचाकीला टेम्पोने मागून धडक दिली, तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. मोडली मात्र उजव्या पायाची नडगी. तरीही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे विमा कंपनीच्या वकिलांनी हेल्मेटचाच मुद्दा लावून धरला, याचा मला आजही संताप येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट सक्तीचे आहे, हे मान्यच. परंतु नियमभंग म्हणजे आपोआप सहभागी निष्काळजीपणा (अपघातात वा इजेत जखमीचाही दोष, ज्यामुळे भरपाई कमी होते) नव्हे: दुचाकीवर तिघे बसलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की, नियमभंगाचा अपघाताशी किंवा इजेशी कार्यकारणसंबंध दिसल्याखेरीज भरपाई कापता येत नाही. डोक्याला मार लागला असता, तर गोष्ट वेगळी होती. म्हणूनच नडगीतल्या सळईचा एक्स-रे आम्ही पुराव्यांत सर्वांत वर ठेवला.