उभी गाडी आणि चढता काटा

सिग्नलला थांबलं की इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायचा, रस्ता मोकळा झाला की उतरायचा. म्हणजे रेडिएटर (इंजिनाचं पाणी थंड करणारी जाळी) ठीक होता. उभ्या गाडीला हवाच पुरत नव्हती. बेल्टवर फिरणारा जुना पंखा काढून १४ इंची इलेक्ट्रिक पंखा लावला. फरक जेमतेम! पंखा जाळीला चिकटवून बांधलेला, त्यामुळे हवा फक्त पात्यांसमोरच्या गोलातून यायची, कोपरे तापलेलेच. मग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं श्राउड, म्हणजे पंखा आणि जाळी यांच्यामधलं बंद आवरण, वाकवलं, पंखा दोनेक इंच मागे घेतला, कडांना रबर लावलं. आता हवा अख्ख्या जाळीतून ओढली जाते. (आधी वायरी उलट जोडल्या होत्या, पंखा उलटा फिरत होता. हसू नका.) रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज मात्र लागतातच, पंखा करंट बराच खातो. परवा अर्धा तास उभ्यानेच चालू ठेवली. काटा ९० अंशांपाशी.